टॉवर राहून गेला, रॅम्प झाला: चर्च बांधतानाचा माझा अनुभव

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडचं, चर्चच्या मंडळीत घरं चाळीसच्या आत. जुन्या चर्चचं कौलारू छप्पर गळायचं, आणि इकडचा जुलै म्हणजे काय सांगू, एकदा पाळकसाहेबांवर छत्री धरून उपासना झाली. मग बिल्डिंग कमिटी झाली, हिशोब माझ्या गळ्यात, कारण काय तर मी बँकेतनं रिटायर.

पहिले दोन महिने नुसत्या टॉवरवर गेले. बेळगावात कॅम्पातलं सेंट मेरीज बघून आलेली पोरं, त्यांना तसलंच दगडी पाहिजे, आता ते ब्रिटिश छावणीचं चर्च, आपली चाळीस घरं! शेवटी पाळकसाहेब म्हणाले, आत काय काय करायचंय ते आधी लिहा. उपासना, संडे स्कूल, लग्नं, मयताला आलेल्यांना बसायला जागा. तेवढ्यात मागनं एक आज्जी, "मला पायऱ्या नकोत बगा, गुडघं जातंय." टॉवर तिथंच संपला.

कागदांचं थोडक्यात सांगतो. पंचायतीत ई-स्वत्तूचे, म्हणजे जागेच्या ऑनलाइन नोंदीचे, फॉर्म ९ आणि ११, सगळं कन्नडात, शेजारच्या मास्तरांनी वाचून दिलं म्हणून निभावलं.

पैशाचं मात्र अवघड. बाहेरच्या देशातलं एक चर्च मदत द्यायला तयार होतं, पण एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याचं, रजिस्ट्रेशन किंवा सरकारची आधी परवानगी नसताना एक रुपया घेता येत नाही, असलं तरी पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या खात्यातच यावे लागतात. नको म्हटलं. गल्फमधल्या आपल्या पोरांचं चाललं, भारतीय पासपोर्ट असला आणि स्वतःची कमाई बँकेतनं पाठवली की ते परदेशी धरत नाहीत. मग एकजण दोन लाख घेऊन आले, अट एकच, वेदीजवळ वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी. खरं सांगतो, माझं मन डळमळलं. पाळकसाहेबांनी शांतपणे रोममधल्या सेंट पीटर्सचं सांगितलं, ते बांधायला पापक्षमापत्रं विकली आणि १५१७ ला मार्टिन ल्यूथर हा जर्मन धर्मगुरू त्यावरच उठला, आणि त्याच्याही आधी बायबलातल्या प्रिस्किल्ला-अक्विला या नवराबायकोच्या घरातच मंडळी जमायची, तिथं कुठली पाटी. पाटी नाही म्हटल्यावर ते गृहस्थ गेले, अजून बोलत नाहीत.

बाकीचं हंगामाच्या सणाच्या, म्हणजे पीक आल्यावर चर्चला वाहिलेल्या वस्तूंच्या, लिलावात उभं केलं. कोंबड्या, नारळ, काजू, आणि त्याच आज्जीचा भोपळा, तो तिघांनी घेतला आणि तिघांनी परत लिलावाला ठेवला, चौथ्यानं घरी नेला, म्हणून एका भोपळ्याचे चारदा पैसे आले, हिशोबात लिहिताना मला कॉलम सुचेना.

छप्पर पावसाच्या आधी चढलं, रॅम्पसुद्धा झाला. घंटा अजून फणसालाच टांगलीय.