तुम्ही विचारलंत म्हणून: बंबात चमचाभर नॅनोकण घालू का?

सोसायटीत सोलरचं पाणी गार यायला लागलं की कुणीतरी मला जिन्यात गाठतंच. "तुमचं ते नॅनोकणांचं काम ना? मग घाला की आमच्या टाकीत चमचाभर!"

नॅनोकण म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिशय बारीक कण. ते टाकीत घालून उपयोग नाही. (शिवाय त्याच पाण्यानं तुम्ही आंघोळ करणार आहात.) गच्चीवरच्या त्या काचेच्या नळ्यांत ऊन पाण्यापर्यंत पोचतच नाही. आतल्या काचेवरच्या काळपट थरात ते अडतं, आधी थर तापतो, मग पाणी. पत्र्याच्या पॅनेलमध्ये तर तो तापलेला पत्रा पाण्याला देता देता थोडी ऊब वाऱ्यालाही वाटून टाकतो.

आमची खटपट उलटी आहे. काच स्वच्छ ठेवायची आणि पाणीच काळं करायचं, म्हणजे उष्णता पाण्याच्या पोटातच तयार होईल. साधं पाणी यात कुचकामी, कारण डोळ्यांना दिसणारा उजेड त्यातून आरपार जातो. 1975मध्ये अमेरिकेत दोघा संशोधकांनी यासाठी चक्क काळी शाई वापरली होती. 2010मध्ये नॅनोकणांचे प्रयोग प्रसिद्ध झाले, तेव्हा ऊन उष्णतेत बदलण्याच्या कार्यक्षमतेत 5 टक्क्यांपर्यंत भर पडलेली दिसली. हा आकडा सांगितला की जिन्यातला माणूस तोंड वाकडं करतो. मला मात्र तो कमी वाटत नाही.

आता हायब्रीड, म्हणजे दोन पदार्थ जोडून केलेले कण, कशाला? प्रत्येक कणाची आवड वेगळी म्हणून. सोन्याचे वीसेक नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कण पाण्यात कोकम सरबतासारखे लालभडक दिसतात, कारण ते 520 नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा हिरवा उजेड गिळतात. चांदीचे कण 400च्या जवळचा जांभळा गिळतात आणि पिवळे दिसतात. बाकीचं ऊन दोघंही सोडून देतात. कार्बनच्या नॅनोनळ्या, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक पोकळ नळ्या, सगळंच खातात आणि सोन्याच्या मानानं स्वस्तही पडतात, पण पाण्याशी त्यांचं जमत नाही, लगेच गुठळ्या. म्हणून त्यांच्या अंगावर टायटॅनियम डायऑक्साइडसारखं पाण्याशी जुळवून घेणारं काहीतरी चढवायचं. भूक एकाची, वागणूक दुसऱ्याची.

ऐकायला सोपं वाटतं. एकदा दिवाळीच्या सुट्टीआधी मी शाईसारखी एकजीव झालेली बाटली खिडकीत ठेवून गेलो. परत आलो तर वर नितळ पाणी आणि तळाला बोटभर काळा गाळ. पुन्हा ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्राखाली धरली, तासभर त्याची ती दात शिवशिवणारी किणकिण ऐकली, तेव्हा कुठे काळी झाली. चार दिवसांनी पुन्हा गाळ. साबणासारखं रसायन घातलं तर कण तरंगत राहतात, पण गरम झाल्यावर तेच दगा देतं. कण वाढवले तर पाणी दाट होतं आणि पंपाची वीज वाढते. रोज तापणारं, रोज निवणारं पाणी वर्षानुवर्षं एकजीव राहिलं पाहिजे, आणि माझी बाटली तर दिवाळीसुद्धा काढू शकली नाही.

तेव्हा तूर्त तुम्ही नळ्यांवरची धूळ पुसा आणि आतला क्षार काढून घ्या. पाणी बहुतेक त्यामुळेच गार येतंय.