डावीकडून, उजवीकडून, मधून

माझ्या आवडत्या बँडच्या दौऱ्याचं पोस्टर फोनवर दिसलं तेव्हा मी जर्मनीत, एसेनच्या ऑफिसात डबा खात होते. चार तारखा मला गाठता येण्यासारख्या होत्या: गुरुवारी बोखुम, शनिवारी हॅम्बुर्ग, पुढच्या मंगळवारी थुरिंगियातलं एक छोटं गाव आणि त्यानंतरच्या शनिवारी कोलोन. दहा दिवसांत चार कार्यक्रम. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत माझं ठरलं होतं की चारही करायचे.

बँड क्रिप्टॉस. १९९८ साली बंगळूरमध्ये सुरू झालेला हेवी मेटल बँड. इंजिनिअरिंगला असताना, २००७ मध्ये आयर्न मेडन पहिल्यांदा भारतात आले, तेव्हा मी पुण्याहून उद्यान एक्सप्रेसने बंगळूरला पॅलेस ग्राउंड्सवर गेले होते. पुढे नोकरीही त्याच शहरात लागली आणि तिथल्या एका पबमध्ये क्रिप्टॉस ऐकले. आयर्न मेडनला मी पाऊण मैदानभर लांबून पाहिलं होतं. इथे गिटारच्या तारेवरून बोट सरकल्याचा आवाज येत होता. तेव्हापासून हा बँड माझा. नोलन लुइस गातो आणि गिटारही वाजवतो, दुसरी गिटार रोहित चतुर्वेदीची. त्यांच्या संगीतात इंग्लंडचा जुना हेवी मेटल आहे आणि जर्मन थ्रॅशचा, म्हणजे मेटलच्या वेगवान, आक्रमक प्रकाराचा, खरखरीतपणाही. त्या थ्रॅशमधला क्रिएटर हा बँड एसेनचा आणि सोडम शेजारच्या गेल्सेनकिर्शेनचा, म्हणजे मी आता राहते त्या कोळशाच्या पट्ट्यातलेच. २०१३ मध्ये क्रिप्टॉस इथल्या वाकेनच्या मोठ्या मेटल महोत्सवात वाजवून आले, २०१६ पासून त्यांचे अल्बम एक जर्मन लेबल काढतं. तरीही त्यांचे बहुतेक कार्यक्रम इथे शंभर-दीडशे माणसांच्या खोल्यांत होतात. मला तेच हवं होतं.

सोलापूरला फोनवर बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "चार वेळा तेच तेच काय ऐकायचं गं?"

"बाबा, हुतात्मा स्मृती मंदिरात एकच नाटक तुम्ही किती वेळा बघायचात?"

ते जरा थांबले. "नाटकाचा प्रत्येक प्रयोग वेगळा असतो." मग स्वतःच म्हणाले, "जा. जेवून जात जा फक्त."

प्रवासाचं गणित सोपं होतं. माझ्याकडे डॉइचलांडटिकेट होतं, तेव्हा महिन्याला ४९ युरोंचं. त्यावर देशभरातल्या सगळ्या प्रादेशिक गाड्या, ट्राम, बस चालतात, फक्त वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्या चालत नाहीत. त्यामुळे हॅम्बुर्गला जायचं तर ओस्नाब्र्युक आणि ब्रेमेनला गाडी बदलत पाच-साडेपाच तास. पण मला घाई नव्हती. कार्यक्रमाची तिकिटं मात्र आधीच काढली. दारावर, आबेंडकासेला, ती दोन-तीन युरोंनी महाग मिळतात, आणि छोट्या खोल्यांत तिथे बऱ्याचदा रोखच चालते. टी-शर्टांच्या टेबलावरही तसंच. म्हणून पहिल्या दिवसापासून पर्समध्ये सुट्ट्या नोटा ठेवल्या.

बोखुमचा कार्यक्रम एका युवा केंद्राच्या हॉलमध्ये होता. दाराशी दोन मुली स्वयंसेवक, हातावर शिक्का, कोट ठेवायला एक युरो. भिंतीवर आवाजाच्या मर्यादेची पाटी. इथल्या मानकाप्रमाणे प्रेक्षकांपर्यंत पोचणाऱ्या आवाजाची अर्ध्या तासाची सरासरी ९९ डेसिबलच्या वर जाऊ नये, आणि बारवर फोमचे कानबोळे फुकट ठेवलेले असतात. मी माझे घेऊन गेले होते, आत गाळणी असलेले, वीसेक युरोंचे. फोमचे बोळे वरचे सूर खातात आणि सगळं गोधडीखालून ऐकल्यासारखं होतं. गाळणीवाले सगळंच सारखं कमी करतात. बंगळूरला असताना मी बोळ्यांशिवाय ऐकत असे आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात कानात शिट्टी वाजत राहायची. ज्यांना ही आवड वर्षानुवर्षं जपायची आहे, त्यांनी कानांवर खर्च करावा, हे मी अगदी मनापासून सांगते.

आठ म्हणजे आठला पहिला बँड सुरू झाला. रात्री दहानंतर शेजाऱ्यांच्या झोपेची वेळ सुरू होते, त्यामुळे वेळापत्रक काटेकोर. क्रिप्टॉस आले तेव्हा मी पुढे, डाव्या कोपऱ्यात होते, ॲम्प्लिफायरपासून जेमतेम दोन हातांवर. आणि तिथे मला एक गोष्ट कळली, जी पबमध्ये इतकी वर्षं कळली नव्हती. अशा छोट्या खोलीत गिटार आणि ड्रम थेट स्टेजवरूनच इतके मोठ्याने येतात की साउंडवाला त्यांना स्पीकरमध्ये फारसं घेत नाही. स्पीकरमधून येतं ते मुख्यतः गाणं. पुढे उभं राहिलं की तो स्पीकर आपल्या मागे किंवा बाजूला राहतो. म्हणजे पहिल्या रांगेत मला शब्द जवळजवळ ऐकूच आले नाहीत. ऐकू आली एक गिटार, संपूर्ण. उजव्या हाताचं प्रत्येक खालचं-वरचं, तळव्याने तारा दाबून केलेलं ते ठकठक, दोन गाण्यांच्या मधला सूर लावणं.

आता या बँडची जान दोन गिटारींत आहे. एकच ओळ दोघं वाजवतात, पण एक षड्जावरून निघाला तर दुसरा गंधारावरून. मिळून जे होतं त्याने माझ्या मानेवर काटा येतो. बोखुमला मला त्यातला फक्त एक माणूस ऐकू आला. वरची ओळ नसताना खालची इतकी उदास वाटते हे मला माहीत नव्हतं.

म्हणून हॅम्बुर्गला ठरवून उजवीकडे गेले.

तिथे दुसरी ओळ मिळाली. तीच गाणी, जवळपास त्याच क्रमाने, पण जणू दुसराच बँड. बोखुमला जिथे मी नुसता ताल ऐकला होता तिथे इथे छोट्या छोट्या चढत्या जागा होत्या. एका गाण्यात दोन कडव्यांमध्ये उजवीकडचा गिटारवाला चार मात्रा मुद्दाम गप्प राहतो. डावीकडून ती शांतता कळणं शक्यच नव्हतं. माझ्या शेजारी साठीचे एक गृहस्थ होते, बिल्ले शिवलेलं बाह्या कापलेलं डेनिम जॅकेट घातलेले, ज्याला इथे कुट्टे म्हणतात. त्यांनी मला विचारलं, तुम्हीपण बंगळूरच्या का? मी म्हटलं, नाही, सोलापूरची, पण मला हा बँड तिथेच सापडला. त्यांनी मला पुढे केलं आणि पूर्ण वेळ मागून येणारे धक्के स्वतःच्या पाठीवर घेतले.

आणखी एक पाहिलं ते बँड बदलताना. अशा दौऱ्यात सगळे बँड बहुधा एकच ड्रमसंच आणि गिटारचे तेच मोठे स्पीकर वापरतात. आपली फक्त झांज, स्नेअर, पेडल घेऊन चढायचं, वीस मिनिटांत लावायचं, वाजवायचं, काढायचं. हे करायला वेगळी माणसं नसतात. अर्ध्या तासापूर्वी जो टी-शर्टच्या टेबलावर सुटे पैसे मोजत होता तोच आता गुडघ्यावर बसून वायर लावत होता. मला बाबांनी सांगितलेले नाटकाचे दौरे आठवले. बसच्या टपावर नेपथ्य आणि नटच हमाल.

मंगळवार कठीण गेला. कासेलपर्यंत सरळ गाडी होती, पुढे छोट्या गाड्या. त्या गावात खोली घ्यायला हवी होती, मी घेतली नाही. शेवटची गाडी २२.४१ ला आणि क्रिप्टॉस स्टेजवर आले दहाला. दहा-पंचेचाळीसला संपेल, स्टेशन पंधरा मिनिटांवर. गणित जमत नव्हतं आणि ते मला दुपारीच कळलं होतं. शेवटची चार गाणी सोडून निघायचं की थांबायचं? दहा-वीसला मी दारापर्यंत गेले, कोट घेतला, आणि आतून ज्या गाण्याची मी वाट पाहत होते त्याची सुरुवात ऐकू आली. परत आत आले.

त्यानंतरची रात्र मी कुणालाही सुचवणार नाही, विशेषतः एकट्या बाईला तर नाहीच. नोव्हेंबर, शून्याच्या आसपास, स्टेशनची प्रतीक्षाखोली कुलूपबंद. सुदैवाने मी सामान आवरणाऱ्या स्वयंसेवकांकडे परत गेले आणि खरं ते सांगितलं. त्यांच्यातलं एक जोडपं कासेलकडे राहत होतं. गाडीत मागे मी आणि झांजांची पेटी. कासेलच्या मोठ्या स्टेशनजवळ एक हॉटेल उघडं मिळालं, तिथे पहाटेपर्यंत खोली घेतली. कार्यक्रमाच्या तिकिटाच्या चौपट पैसे गेले. तिकीट काढायच्या आधी शेवटची गाडी पाहायची आणि ती अकराच्या आतली असेल तर आधी खोली घ्यायची, हे त्या रात्री मी फोनमध्ये लिहून ठेवलं. अजून तसंच करते.

त्या गावात पन्नासच माणसं होती. मोजली होती. पन्नास माणसांसमोर त्यांनी हॅम्बुर्गइतकंच, किंबहुना थोडं अधिकच जोरात वाजवलं. गर्दी कमी असली की आवाज शोषणारी अंगं कमी असतात, त्यामुळे खोली घुमते आणि ड्रम चिखलासारखे होतात. ड्रमरने तिसऱ्या गाण्यापासून झांजेवरचा हात हलका केला. कुणी सांगितलं नव्हतं, त्याला ते ऐकू आलं होतं. त्याआधी पाहिलेल्या दोन रात्रींमुळे मला तो फरक कळला.

कोलोनला मान दुखत होती, पट्टा लावूनच गेले. या वेळी पुढे गेले नाही. मिक्सरच्या टेबलाला पाठ लावून मध्यावर उभी राहिले, कारण साउंडवाला जिथे बसतो तिथे बसून तो आवाज जुळवतो. तिथे जे ऐकू येतं तेच त्याने ठरवलेलं असतं. खोली भरलेली होती. तिसऱ्या गाण्यात दोघं पुढे आले, गिटारी समोर धरल्या, आणि ती ओळ सुरू झाली. डावीकडची मला पाठ होती, उजवीकडचीही पाठ होती. दोन्ही एकत्र आल्या तेव्हा मला प्रत्येकाचा हात वेगळा ओळखता येत होता आणि तरी ओळ एकच होती. डोळ्यांत पाणी आलं. आजूबाजूला कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

अर्ध्या मिनिटाचं ध्वनिमुद्रण केलं आणि परतीच्या गाडीतून बाबांना पाठवलं. सोलापुरात तेव्हा पहाट झालेली. ते लवकर उठतात. ड्युसेलडॉर्फ मागे पडलं तेव्हा फोन आला.

"आवाज फार आहे गं," बाबा म्हणाले. मग थोडं थांबून, "पण वाजवणारे दोघं आहेत ना? एक वर चाललाय, एक खाली."