बाहेरून दहावी, आणि दुपारी घरी कोण?

मागच्या जूनपासून आमचे चिरंजीव शाळेत जात नाहीत. वय चौदा, नववीत बसला असता. तेव्हापासून बिल्डिंगमध्ये, ऑफिसात, लग्नाकार्यात ज्याला त्याला यावर काहीतरी म्हणायचं असतं आणि मला तेच तेच सांगून कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकते.

तो बोलताना अडकतो, लहानपणापासून. अभ्यासात ठीकठाक. शाळा अनुदानित, मराठी, घराजवळची, भांडुपमधलीच, फी जवळपास नाहीच, म्हणजे त्या बाजूने तक्रार करायला जागा नाही. पण भाषेच्या तासाला नंबरवार उभं राहून धडा वाचायचा आणि हा आपला नंबर किती बाकांनंतर येणार ते मोजत बसायचा, त्या नादात धडा कशावर होता हे त्याला घरी येऊन पुस्तक उघडल्यावर कळायचं. आठवीत एका सरांनी वर्गात त्याची नक्कल केली, पोरं हसली. मी भेटायला गेले तर "अहो मॅडम, गंमत केली हो, एवढं काय मनाला लावून घ्यायचं". त्यानंतर सकाळी पोट दुखणं, डोकं दुखणं, दप्तर भरलेलं पण पोरगं अंथरुणात, हे सुरू झालं ते मे महिन्यापर्यंत. वांद्र्याला अली यावर जंग इन्स्टिट्यूटमध्ये त्याची स्पीच थेरपी चालू आहे, तिथल्या मॅडमनी शाळा सोडा असं अजिबात सांगितलेलं नाही बरं का, हे आमचं आम्ही ठरवलं.

आता सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग दहावीचं काय? अहो, दहावी देणारच आहे. आपल्याकडे "बाहेरून बसणे" हा प्रकार पिढ्यान् पिढ्या चालत आलाय, माझ्या मोठ्या आत्याने लग्नानंतर सतरा नंबरचा फॉर्म भरूनच दहावी केली होती. तो रस्ता आजही आहे, पण त्यात स्टेट बोर्डाचे सगळे विषय एकदम, एकाच परीक्षेला. आम्ही घेतलं ते एनआयओएस, म्हणजे केंद्र सरकारचं ओपन स्कूल, १९८९ पासून आहे, म्हणजे कालपरवाचं काही नाही. चौदा पूर्ण असले की दहावीला प्रवेश मिळतो. पाच विषय, त्यात किमान एक भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मेच्या सुमारास आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे विषय सुटे सुटे देता येतात, आज दोन दिले, सहा महिन्यांनी अजून दोन. एकदा प्रवेश घेतला की पाच वर्षं चालतो. घरी बसून लिहायच्या असाइनमेंटला वीस टक्के मार्क. मराठी हा विषयही आहे आणि दहावी मराठी माध्यमातून पण देता येते, हे आपल्याकडे फार जणांना माहीतच नाही. सासूबाईंना मात्र मी हे काहीच सांगितलं नाही, "बाहेरून करतोय" एवढं म्हटलं, त्यांना लगेच कळलं.

दुसरं, मालविका जोशीचं उदाहरण. मुंबईचीच मुलगी, आईने सातवीतून शाळेबाहेर काढली, २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीला गेली, बारावीचं सर्टिफिकेट नसताना. मला दर चार दिवसांनी कोणीतरी ती बातमी फॉरवर्ड करतं. कौतुक आहेच, पण त्या मुलीकडे इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाडची, म्हणजे प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धेतली, आंतरराष्ट्रीय पदकं होती, आमच्याकडे अर्धवट सोडवलेलं रुबिक क्यूब आहे. शाळा सोडली म्हणजे आत लपलेलं काहीतरी अचाट बाहेर येणार असं लोकांना वाटतं. आम्हाला फक्त पोराने सकाळी उठून नाश्ता करावा एवढंच हवं होतं.

ऑनलाइन शाळाही पाहिल्या. लॉकडाऊननंतर त्यांचं पीक आलंय. एनआयओएसने व्हर्च्युअल स्कूल २०२१ मध्ये काढलं, दिल्ली सरकारने २०२२ मध्ये आपलं काढून देशातलं पहिलं म्हणून सांगितलं, मग पहिलं कोण यावरून दोघांची जुंपली होती. प्रायव्हेटवाले फोनवर फार गोड बोलतात. त्यांना एकच विचारायचं, मुलगा शेवटी कुठल्या बोर्डाचा पेपर देणार? बऱ्याचदा फिरून उत्तर एनआयओएसच येतं, मग मधल्या माणसाला लाखभर कशाला द्यायचे हे आपण ठरवायचं. आणि लोकलच्या डब्यात "१० वी / १२ वी नापास? घरबसल्या पास" असे स्टिकर असतात ना, त्यातल्या एकाला नवऱ्याने सहज फोन लावला होता. "मार्कशीट हवंय की परीक्षा पण द्यायचीय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. ठेवला फोन.

दाखला काढायला गेलो तेव्हा मला वाटलं होतं कायद्याचं काहीतरी निघेल. पण आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, सहा ते चौदा वयाला, हा चौदा पूर्ण. मुख्याध्यापिका बाई खरं तर बऱ्या बोलल्या. क्लार्कचंच घोडं अडलं, "शाळा सोडण्याचे कारण" या रकान्यात काय लिहू म्हणाले. मी म्हटलं जे खरंय ते लिहा. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि "पालकांच्या विनंतीवरून" असं सुबक अक्षरात लिहून शिक्का मारला.

हे सगळं सोपं होतं. खरा प्रश्न मला कुठल्याच होमस्कूलिंगवाल्याने सांगितला नव्हता, तो म्हणजे दुपारी घरी कोण? ते लोक लिहितात मुलासोबत बागकाम करा, प्रोजेक्ट करा, निसर्गात न्या. आमचं वन बीएचके. मी आठ बावीसची पकडते, नवरा शिफ्टला, नाइट असली की दिवसा झोपलेला, म्हणजे हॉल बंद. सासूबाईंची सिरियल बेडरूममध्ये. पोरगं बसणार कुठे, किचनच्या ओट्यावर? पहिला महिना त्याने अक्षरशः मोबाइलवर काढला, मी ऑफिसातून फोन करून "काय वाचलंस" विचारायचे आणि तो "वाचतोय" म्हणायचा. मुंबईत पोराला शाळेतून काढताना बोर्ड, सिलॅबस हे नंतर बघा, आधी सकाळी अकरा ते चार ते कुठे असणार हे कागदावर लिहा. तेवढं लिहिता येत नसेल तर मी म्हणेन थांबा, शाळा बदलून बघा, तुकडी बदलून बघा. नोकरी सोडा असं सांगणाऱ्यांनी आमच्या होम लोनचा हप्ता भरावा.

आमची सोय झाली ती अभ्यासिकेत. स्टेशनच्या वाटेवर एका मंडळाची आहे, वर पत्र्याचं शेड, लांब टेबलं, एमपीएससीवाली मुलं-मुली दिवसभर बसलेली. हा तिथे सगळ्यात लहान. भिंतीवर मोठ्या अक्षरात "बोलू नये" लिहिलंय आणि ते वाचून हा पहिल्यांदा कितीतरी दिवसांनी हसला. पाच तास कोणी काही वाचून दाखव म्हणत नाही! मला उलटीच काळजी लागली, हा आता कायमचा गप्प होतोय की काय. पण तिथल्या एका दादाची पीएसआयची मुलाखत जवळ आली होती, त्याला प्रश्न विचारायला कोणी रिकामं नव्हतं, म्हणून याला जिन्यात बसवून हातात चिठ्ठ्या दिल्या आणि सांगितलं तू पॅनल. "तु... तु... तुमच्या जिल्ह्यातील गुन्हेगारीची कारणं सांगा." दादा म्हणे ताठ बसून थांबायचा, वाक्य पूर्ण होईपर्यंत. साहेब कितीही वेळ घेऊ देत, मध्ये बोलायचं नसतं, ही त्याचीही प्रॅक्टिस होत होती. मग अजून दोघं-तिघं चिठ्ठ्या घेऊन आले. हल्ली चिठ्ठ्या हाच लिहितो.

विषय घेतलेत मराठी, इंग्लिश, सामाजिक शास्त्र, डेटा एंट्री आणि पेंटिंग. गणित नाही, एनआयओएसमध्ये ते सक्तीचं नाही. यावरून घरात रोज वाद. नवरा म्हणतो उद्या इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करावासा वाटला तर गणित-सायन्स आलेलं बरं, आणि ते खरंय. वरून जादा विषय घेता येतो, एकूण सातपर्यंत. चिरंजीवांनी अट घातलीय की गणित घेईन, पण शिकवणार दादाच. आता दादाची निवड झाली तर तो ट्रेनिंगला नाशिकला जाणार. नवरा रोज निकाल बघतो, आणि तो लागावा की लागू नये यावर त्याचं अजून ठरत नाहीये.