‘आपल्या इकडे कंपनी येईन काय?’

विदर्भातल्या आमच्या कॉलेजात जूनमध्ये बी.ए.च्या प्रवेशांची गर्दी असते आणि माझी ड्युटी हमखास खिडकीवर. दरवर्षी एक तरी पालक विषयांच्या यादीवर बोट ठेवून विचारतोच. यंदा विचारलं ते पोरीसोबत आलेल्या एका शेतकऱ्यानं. “प्रादेशिक अर्थशास्त्र... सर, हे शिकून आपल्या इकडे कंपनी येईन काय?” मागची रांग हसली, मीही हसलो आणि वेळ मारून नेली. भाऊ, तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगतो.

नाही येत. विषय शिकून कंपनी येत नाही. पण ती का येत नाही, आणि आली तर का टिकत नाही, एवढं कळायला लागतं. तेही पहिल्या दिवशी नाही.

आमच्याकडे सीतादही, म्हणजे वेचणीआधीची कापसाची पूजा, होऊन पहिली वेचणी घरात आली की मी वर्गात एक किलो कापूस आणायला सांगतो. समोरच्या किराणा दुकानातून काटा आणतो. 40 पोरं, प्रत्येकाला 25 ग्रॅम. आज्या वातींसाठी सरकी, म्हणजे कापसातलं बी, काढतात तशी हातानं काढायची. दोन तास जातात, गप्पा होतात, नाकात तंतू जातात. मग सगळं परत काट्यावर. सरकी साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास, रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, तीनशे चाळीस-पन्नास. थोडं पोरांच्या कपड्यांवर.

आता आल्फ्रेड वेबर. या जर्मन माणसानं 1909 मध्ये कारखाना कुठं उभा राहतो याचा हिशेब मांडला. त्याचं म्हणणं साधं: कच्चा माल पक्का होताना ज्याचं वजन घटतं, त्याचा कारखाना कच्च्या मालाजवळ जातो, कारण फुकटचं वजन वाहून न्यायला कुणालाच परवडत नाही. 100 किलो उसातून 10-11 किलो साखर निघते, शिवाय तोडलेला ऊस लगेच वाळायला लागतो. म्हणून साखर कारखाना उसाच्या फडाला चिकटून. प्रवरेचा सहकारी कारखाना 1950 मध्ये सुरू झाला आणि त्याच्या भोवती शाळा, दवाखाने, बँक, राजकारण, सगळंच उगवलं. कापसाचं मात्र मोठं वजन जिनिंगमध्येच, म्हणजे यंत्रानं सरकी काढतानाच, घटतं. एकदा गाठ बांधली की किलोभर रुईचं जवळपास किलोभर सूत. ते यवतमाळला काता नाही तर कोइमतूरला. गाठ निघून जाते. गावाला उरतं जिनिंग, म्हणजे वर्षातले काही महिने धडधड आणि मग फाटकाला कुलूप.

पोरांना वाटतं, झालं, उत्तर सापडलं. तिथंच मी जमशेटजी टाटांना आणतो. कापडगिरणी म्हणजे मुंबई अशी समजूत असतानाच्या काळात त्यांनी एम्प्रेस मिल नागपूरला काढली, 1 जानेवारी 1877 ला. कापूस हाताशी आणि रेल्वे दारात. आणि ती सव्वाशे वर्षं टिकली. मग उलटं उदाहरण, इचलकरंजीचं. तिथं कापूस पिकत नाही. 1904 मध्ये पहिला यंत्रमाग आला, त्यामागून कारागीर, दुरुस्तीवाले, सुताला खळ लावणारे सायझिंगवाले, व्यापारी आले आणि आता तिथून माग हलवणं अवघड. इंग्रज अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शलनं म्हटलं होतं की अशा गावात धंद्याचं कसब हवेतच असतं, पोरं ते नकळत शिकतात. आमच्या पोरांना ही हवा पटकन समजते. आमच्या हवेत काय आहे, असं एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, एमपीएससी.

आता अनुशेष, म्हणजे विकासात मागं पडल्याची थकबाकी. हा शब्द विदर्भात लहान मुलालाही माहीत. विदर्भ महाराष्ट्रात येण्याबाबतचा 1953 चा नागपूर करार, विदर्भ-मराठवाड्यासाठी वेगळ्या विकास मंडळांची तरतूद करणारं राज्यघटनेतलं 371(2) कलम, ही नावं इथं पानटपरीवर निघतात. पण अनुशेष मोजला कसा, हे टपरीवर कुणी सांगत नाही. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या समितीनं 1984 मध्ये रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशी नऊ क्षेत्रं घेतली, जिल्हा हा घटक धरला, राज्याची सरासरी काढली. सरासरीच्या खाली जो जिल्हा जितका, तितका त्याचा अनुशेष. एकूण 3,186 कोटी 78 लाख रुपये. त्यात विदर्भ सुमारे 39 टक्के, मराठवाडा 24 च्या आसपास. उरलेले 37 टक्के उर्वरित महाराष्ट्राचे, आणि हा आकडा फळ्यावर लिहिला की वर्ग चिडतो. त्यांचाही अनुशेष? हो, कारण कोकणातले, खानदेशातले जिल्हेही सरासरीखाली होते. पुढं याच प्रश्नावर नेमलेल्या विजय केळकर समितीनं तालुका हा घटक धरायला सांगितलं, कारण जिल्ह्याची सरासरी जिल्ह्यातल्या कोपऱ्याला झाकते. औष्णिक वीजकेंद्र असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यातच जिवतीसारखा मागास डोंगराळ तालुकाही आहे.

माझं मत विचाराल तर अनुशेषाचा हिशेब अर्धाच आहे. काय आलं नाही ते तो मोजतो. काय गेलं ते मोजत नाही. स्वीडनचा अर्थतज्ज्ञ गुन्नार मिर्दाल 1957 मध्ये हेच सांगत होता: पुढारलेला प्रदेश मागच्याला थोडं काही देतो, पण माणसं, पैसा, माल ओढूनही घेतो, आणि ओढ जास्त असली की दरी आपणहून वाढत जाते. याला पुस्तकात बॅकवॉश म्हणतात. आम्ही ते संध्याकाळी स्टँडसमोर बघतो. पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्स ओळीनं उभ्या, बारावीनंतरची पोरं बॅगा चढवतायत, आया डबे देतायत. दुसरी ओढ दिसत नाही, ती बँकेत असते. जिल्ह्यातल्या ठेवींपैकी कर्ज म्हणून जिल्ह्यात किती परत वाटलं, हे गुणोत्तर मी पोरांना काढायला लावतो. ते शंभराच्या जितकं खाली, तितका आपल्या आयाबहिणींचा पैसा दुसऱ्या कुणाच्या धंद्याला लागलेला असतो.

सरकारनं काही केलं नाही असं नाही. 1962 मध्ये एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, आलं, 1964 पासून मागास भागात जाणाऱ्या उद्योगांना सवलतींची सामूहिक योजना आली, जितका भाग मागास तितकी सवलत जास्त. माझा काका अशाच एका कारखान्यात फिटर होता. सवलतीची मुदत संपली, सहा महिन्यांत मशीन ट्रकवर चढलं. काका अजून म्हणतो, मशीन त्यानंच खोललं, नटबोल्ट डब्यात भरून दिले, ओव्हरटाइमही मिळाला. सवलतीनं भिंती आल्या. दुरुस्तीवाला, सुटे भाग करणारा, माल घेणारा शेजारी, यातलं कुणी आलं नाही. फ्रेंच अर्थतज्ज्ञ फ्रांस्वा पेरूनं सांगितलेला विकासध्रुव म्हणजे नुसता एक कारखाना नव्हे, त्याच्याशी देवाणघेवाण करणारी सगळी साखळी, हे शिकवताना मला तो नटबोल्टचा डबा आठवतो.

भाऊ, दिवाळीनंतर तुम्ही पोरीची फी भरायला आलात तेव्हा मी तुम्हाला हा काट्याचा किस्सा सांगितला. तुम्ही ऐकून घेतलंत, तंबाखू मळलीत आणि विचारलंत, “रुई गेली, समजलं. मंग सरकी कुठं जाते?”

पंधरा वर्षांत वर्गातल्या एकाही पोरानं हे विचारलं नव्हतं. मीही नव्हतं. वजनात दोनतृतीयांश असलेली गोष्ट आम्ही काट्यावरून उतरवून कचऱ्याच्या टोपलीत टाकत आलो. सरकीचं तेल निघतं, ढेप जनावरांना जाते, तालुक्यात ढेपेचं पोतं कितीला पडतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक.

तुमच्या पोरीनं प्रकल्पाला तोच विषय घेतलाय. तालुक्यातल्या जिनिंगमध्ये जाऊन सरकी कोण उचलतं, कुठं गाळतात, आणि ढेप कुणाच्या भावानं परत येते, हे ती लिहून आणतेय. दोन जिनिंगवाल्यांनी बसायला खुर्ची दिली. तिसऱ्यानं विचारलं, “बाई, कोणत्या डिपार्टमेंटच्या?”