शिकार मिळाली नाही तर?

मी मानवशास्त्र शिकवते. वर्षावनातल्या शिकारी समाजांवर बोलून झालं की कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, एखाद्या दिवशी शिकार मिळालीच नाही, तर हे लोक उपाशी झोपतात का?" प्रश्न काळजीपोटी येतो, म्हणून उत्तरही मी सविस्तर देते. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून आज मलेशियाच्या वर्षावनातल्या बातेक आदिवासींबद्दल लिहिते. कर्क आणि कॅरेन एंडिकॉट या मानवशास्त्रज्ञ दांपत्याने १९७५-७६ मध्ये तिथल्या केलांतान राज्याच्या जंगलात त्यांच्यासोबत राहून कोण काय आणतं, कोण काय खातं याच्या बारीक नोंदी ठेवल्या आहेत.

तर, नाही. शिकार हुकली म्हणून उपाशी झोपायची वेळ सहसा येत नाही, कारण पोट मुळात शिकारीवर अवलंबूनच नसतं. पोटाला मुख्य आधार रानकंदांचा. त्यातला सगळ्यात आवडता टाकोप, आपल्या कडूकंदाच्याच कुळातला. झाडोऱ्यात गुरफटलेल्या वेलींतून नेमका त्याचा बारीक वेल हुडकायचा, तो जमिनीत शिरतो तिथवर माग काढायचा आणि टोकाला लोखंडी पातं बसवलेल्या काठीने उकरत जायचं. कंद हाताला लागेपर्यंत खड्डा कधीकधी हातभर खोल जातो. हे काम बहुतेक बायका करतात, पण पुरुषांनाही त्यात कमीपणा वाटत नाही. विषारी कंदही असतात. ते किसून वाहत्या पाण्यात ठेवले की खाण्याजोगे होतात.

शिकार मुख्यतः पुरुषांची. बांबूच्या लांब नळीतून विषारी बाण फुंकायचा आणि झाडावरचं वानर किंवा खार टिपायची. बायकांना मनाई नाही. काहीजणी नळी चालवतातही, आणि बांबूच्या बनातले उंदीर बिळातून उकरून काढण्यात तर त्या तरबेज. बाणाला लावतात तो ईपोह झाडाचा चीक, विस्तवावर आटवून घट्ट केलेला. (हे झाड आपल्या सह्याद्रीतही आहे, चांदकुडा म्हणतात ते.) हे विष रक्तात भिनलं की हृदय बंद पाडतं, पण त्याने मारलेल्या जनावराचं मांस खाल्लं तरी माणसाला बाधत नाही. फळांच्या आधी मधाचा हंगाम येतो. आग्या मोहोळं फार उंच झाडांवर असतात आणि मध काढायला रात्रीच चढतात.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं. मोठी शिकार आली की वस्तीतल्या प्रत्येक चुलीला वाटा जातो. शिकार करणारा ती स्वतःची म्हणून ठेवूच शकत नाही. मागणाऱ्याला नाही म्हटलं तर त्याला अपघात होईल किंवा आजार जडेल अशी समजूत आहे, आणि दोष लागतो तो नाही म्हणणाऱ्याला. म्हणून मागण्यात लाज नसते आणि देण्यात उपकार नसतो. एंडिकॉट दांपत्याने टिपलेली एक गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते: सगळ्यांच्या घरी त्या दिवशी तेच कंद शिजलेले असले, तरी थाळ्या या चुलीवरून त्या चुलीकडे जातच राहतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे कशासाठी ते कळेना. आता वाटतं, ज्या दिवशी एकाच्याच हाती काही लागेल त्या दिवशीही वाटा मागावा लागू नये, म्हणून हा परिपाठ रोजचा.

मग बातेकांवर उपासमार येतच नाही का? येते, पण तिचं कारण शिकार हुकणं नाही. १९७०च्या दशकापासून त्यांच्या रानात लाकूडतोड सुरू झाली आणि पुढे तिथे तेलताडाचे मळे आले. मळ्यात ना टाकोप, ना वानरं. तामान नगारा राष्ट्रीय उद्यानात काहींना अजून शिकार करता येते, पण सगळं रान काही उद्यानात नाही. २०१९ मध्ये कुआला कोह इथल्या बातेक वस्तीत गोवराची साथ येऊन डझनाहून अधिक माणसं गेली. गोवरावर लस आहे, तरीही. मलेशियाच्या १९५४च्या आदिवासी कायद्याखाली जमीन राखीव ठेवता येते, पण ती राखीव यादीतून काढण्याचा अधिकारही राज्य सरकारकडेच आहे. वाटून खायची रीत कितीही पक्की असो, ज्या जमिनीत कंद उगवतात ती दुसऱ्याच्या सहीने जाणार असेल तर ती रीत त्यांना वाचवू शकत नाही.