शेपटीला राहिलेल्या दोन फ्रेमा

अमेरिकेतल्या एका फिल्म संग्रहात मी जुनी रिळं तपासते. तपासणं म्हणजे पडद्यावर बघणं नव्हे. हाताने फिरवायचा रिवाइंडर, खाली उजेडाची काच, डोळ्याला भिंग. नायट्रेट, म्हणजे झटकन पेटणारी जुनी फिल्म, असेल तर खोलीत ठिणगी उडेल असं काहीही नाही.

त्या दिवशी डब्यातून ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ निघाली. एडविन पोर्टरने १९०३ साली एडिसन कंपनीसाठी केलेली, वेस्टर्नपटांची आजी. घोडे, दरोडेखोर, लुटलेली आगगाडी, सगळं आहे. पश्चिम तेवढी नाही, कारण बाहेरची बरीच दृश्यं न्यू जर्सीतली. लांबी जेमतेम ७४० फूट.

यात दरोडेखोर झालेला नट जस्टस बार्न्स सरळ कॅमेऱ्यात बघून पिस्तूल झाडतो तो शॉट कथेत कुठेच बसत नाही. एडिसनच्या कॅटलॉगनेच थिएटरवाल्यांना मोकळीक दिली होती: सुरुवातीला लावा, नाहीतर शेवटी. आमच्या प्रतीत तो सुरुवातीला होता. ठीक आहे, म्हटलं. पण रिळाच्या शेपटीशी आले तर जंगलातल्या चकमकीनंतर फिल्म कापून चिकटवल्याचा एक जोड, आणि जोडापुढे दोनच फ्रेमा. बार्न्स! धूर अजून नाही.

मग मी ओरखडे बघायला लागले. माझा जीव ओरखड्यांत. चकमकीच्या दृश्यावर फिल्मच्या डाव्या कडेच्या भोकांच्या किंचित आत एक बारीक उभी रेघ होती. तीच त्या दोन फ्रेमांवर, आणि तेवढ्याच अंतरावर रिळाच्या तोंडाशी असलेल्या बार्न्सवरही. त्याच्या लगेच पुढे, तारऑफिसच्या दृश्यात मात्र साफ. म्हणजे शॉट आधी शेवटी होता, तिथेच खरवडला गेला, नंतर प्रोजेक्टर चालवणाऱ्या कुणा ऑपरेटरने कापून पुढे आणला. जोड काय सुबक! इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, हवा तेवढाच खरडलेला, चिकटवायचं फिल्म-सिमेंट कुठे ओघळलेलं नाही.

माझे मामा जत्रेतल्या तंबूत ऑपरेटर होते. शिट्ट्या वाढल्या की ते गाणं परत लावायचे. या माणसाच्या पब्लिकलाही आल्याआल्याच गोळी हवी असणार.

साहेब म्हणाले, “शेवटी टाक. लोकांना तसाच माहीत आहे.” साहेबांनी आयुष्यात एकही जोड मारलेला नाही. मी म्हटलं, ऑपरेटरने केलं तेही या प्रतीचंच आहे ना? शेवटी पट्टीला हात लावायचा नाही, स्कॅनमध्ये शॉट हलवायचा, असं ठरलं. हलवला. त्या दोन फ्रेमांना तो असा चिकटला की पाहताना जोड कळतसुद्धा नाही, आणि दिसतोही फार छान, याचाच मला जास्त राग आला.

अहवालाच्या फॉर्ममध्ये ऑपरेटरसाठी रकाना नाही. त्याचा जोड मी ‘नुकसान’ या रकान्यात लिहिला.