मागच्या रांगेतून पुढे आलेला गळा

मंगळवार

सध्या रोज संध्याकाळी कॅथरिन रसेल ही अमेरिकन जॅझ गायिका ऐकते आहे. 2016चा 'हार्लेम ऑन माय माइंड' आणि 2019चा 'अलोन टुगेदर', हे दोन अल्बम आलटून पालटून. दोन्हींना ग्रॅमीचं नामांकन होतं, पण ते मला नंतर कळलं. गाणी बहुतेक ब्लूज (कृष्णवर्णीय अमेरिकनांची सुखदुःखाची गाणी) आणि स्विंग (नाचाच्या झुलत्या ठेक्याचं जॅझ) यांच्या बहराच्या काळातली. साथीला गिटार, पियानो, डबल बास, ड्रम्स. काही गाण्यांत ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन. बस्स.

जुनी गाणी जुन्या थाटात म्हणणाऱ्या आजच्या गायिका मी बऱ्याच ऐकल्या. पुष्कळदा आवाज मुद्दाम किनरा केलेला असतो, उच्चार रेकॉर्डवरून उचललेले असतात. आजीचा शालू नेसून फोटो काढून घ्यावा, तसं ते गाणं होतं. देखणं, पण अंगाला न लागलेलं. कॅथरिन रसेल असलं काही करत नाही. ती आपल्या नेहमीच्या, भरदार, मोकळ्या आवाजात गाते. गाणं नव्वद वर्षांपूर्वीचं असेल, पण त्यातली बाई आज सकाळी भांडून आलेली असते.

आई शेजारी येऊन बसली. थोडा वेळ ऐकून म्हणाली, "जुन्यातली का गं ही?"

"नाही गं, अजून गाते. न्यूयॉर्कची आहे."

"हिचे शब्द कळताहेत. एरवी इंग्रजी गाण्यातला मला एक शब्द लागत नाही."

आईने नाट्यगीतं ऐकण्यात जन्म घालवला आहे. शब्द चिरडून तान घेणारा गायक तिला चालत नाही, मग तो कितीही मोठा असो. तिने पहिल्याच बैठकीत नेमकं तेच हेरलं.

बुधवार

लयीचं लिहून ठेवते, नाहीतर निसटेल.

आपला कान समेला, पहिल्या मात्रेवर, जाऊन बसतो. इथे मोजायच्या मात्रा चार, पण टाळी दुसरीवर आणि चौथीवर पडते. ड्रमवाल्याच्या पायाखालच्या झांजाही तिथेच मिटतात. बास दर मात्रेला एक सूर देत चालत राहतो. गिटार चारही मात्रांवर हलकीशी छेडली जाते, इतकी हलकी की असते तेव्हा जाणवत नाही आणि थांबली की गाणं ओकंबोकं वाटतं. एका मात्रेचे दोन भाग केले तर ते सारखे नसतात. पहिला लांबतो, दुसरा आखडतो. किती, ते कागदावर मांडता येत नाही. लय जलद झाली की ते अंतर कमी होत जातं.

आणि या सगळ्यावर गायिका. रसेल शब्द ठोक्याच्या किंचित मागे ठेवते. आता राहिली, आता चुकली असं वाटतं, तोवर ओळ संपता संपता ती अचूक जागेवर आलेली असते. जुन्या काळचा गायक लुई जॉर्डन याचं 'इज यू इज ऑर इज यू एन्ट माय बेबी' (तू माझा आहेस की नाहीस?) ती 'अलोन टुगेदर'मध्ये गाते. तो प्रश्न तिने विनवणीसारखा केलेला नाही. उत्तर तिला ठाऊक आहे, फक्त समोरच्याच्या तोंडून ऐकायचं आहे. हा अर्थ शब्दांत नाही, शब्द उशिरा टाकण्यात आहे.

शुक्रवार, रात्री

तिच्या घराबद्दल वाचत बसले आणि जेवायचं राहिलं.

वडील लुईस रसेल, पियानोवादक, मूळचे पनामाचे. 1919मध्ये त्यांना तीन हजार डॉलरची लॉटरी लागली. त्या पैशांवर आई आणि बहिणीला घेऊन ते न्यू ऑर्लीन्सला आले. पुढे शिकागोत किंग ऑलिव्हर या ट्रम्पेटवादकाच्या ताफ्यात वाजवलं, मग न्यूयॉर्कमध्ये स्वतःचा ताफा उभा केला. त्यांच्या 1929च्या रेकॉर्ड्समध्ये पॉप्स फॉस्टरचा बास ऐकावा. स्विंग हे नाव घरोघरी पोचायच्या आधीच तो ताफा स्विंग वाजवत होता. 1935पासून काही वर्षं हाच ताफा लुई आर्मस्ट्राँग या जॅझमधल्या बड्या गायक-ट्रम्पेटवादकाच्या मागे उभा राहिला. माणसं आर्मस्ट्राँगला ऐकायला येत. मागची फळी रसेलांनी बांधलेली असे.

1940च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी वाजवण्याचा व्यवसाय सोडला आणि दुकान चालवलं. डिसेंबर 1963मध्ये ते गेले तेव्हा कॅथरिन सात वर्षांची होती. शेजारी बसून तालीम घ्यायचं ते वयच नव्हतं. तिला वडील रेकॉर्डवरच जास्त भेटले असणार. 2022च्या 'सेंड फॉर मी' या अल्बममध्ये ती 'ॲट द स्विंग कॅट्स बॉल' गाते. त्या गाण्याच्या रचनाकारांत वडिलांचं नाव आहे. मी ते रडवेलं असेल अशा अपेक्षेने लावलं, तर ते चक्क नाचायला लावणारं निघालं.

आई कार्लिन रे. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतली, जुलियार्ड या तिथल्या संगीत विद्यालयात शिकलेली. 1946च्या सुमारास ती 'इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ रिदम' या ताफ्यात गिटार वाजवू लागली. सगळ्या वादक बायका, आणि वेगवेगळ्या वर्णांच्या. दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या-गोऱ्यांनी एका मंचावर बसणं म्हणजे पोलिसांशी गाठ. म्हणून ताफ्यातल्या गोऱ्या मुली चेहऱ्याला गडद रंग लावून बसत. मुक्काम बहुधा बसमध्येच, कारण त्यांना हॉटेल कोण देणार? या बायका मागे पडल्या, त्यांची नावं कित्येक वर्षं कुणी घेतली नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

कार्लिन रे यांनी पुढे बास हाती घेतला, मेरी लू विल्यम्स या जॅझ पियानोवादक बाईंबरोबर काम केलं, आणि त्यांच्या स्वतःच्या नावाचा अल्बम निघाला तो 2013मध्ये, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. तो मुलीने काढला. त्याच वर्षी त्या गेल्या.

शनिवार

मुलगीही मागच्याच रांगेत वाढली, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. कॅथरिन रसेलचा पहिला स्वतंत्र अल्बम 'कॅट' 2006चा, म्हणजे ती पन्नाशीला टेकली तेव्हाचा. त्याआधीची अनेक वर्षं ती पॉप आणि रॉकमधल्या बड्या नावांच्या मागे गात होती: स्टीली डॅन हा बँड, सिंडी लॉपर, डेव्हिड बोवी. बोवीच्या 2003-04च्या दौऱ्यात ती गायची, कीबोर्ड, गिटार आणि तालवाद्यंही वाजवायची.

मागे गाणाऱ्याला आपला आवाज दुसऱ्याच्या आवाजाखाली अचूक बसवावा लागतो. शब्द एकत्र सुटले पाहिजेत, श्वास एकत्र घेतला पाहिजे. तिथे स्वतःला पुढे केलं की काम बिघडतं. माझं असं ठाम मत झालंय की तिच्या गाण्यातला नेटकेपणा तिथून आला. ती गाणं वापरून स्वतःला दाखवत नाही. एवढा ताकदीचा गळा असून तार सप्तकात ती क्वचित जाते, आणि गेली तर ओळीलाच तिथे जायचं होतं म्हणून जाते.

गाणी निवडण्यातही तेच. ज्यावर सगळे तुटून पडतात ती ठरावीक गाणी तीही गाते, पण शोधून शोधून विस्मरणात गेलेली आणते, चावट ब्लूजसुद्धा. ते चावटपण ती डोळे न मिचकावता म्हणते, त्यामुळे ते स्वच्छ राहतं.

जाता जाता एक. ही लय आपल्याकडे कालपरवा आलेली नाही. 1930च्या दशकाच्या मध्याला मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी आणि मग क्रिकेट स्मिथ हे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपापले ताफे घेऊन वाजवत होते. स्मिथच्या ताफ्यात गोव्याचे फ्रँक फर्नांड होते. गोव्यातल्याच हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट पुढे संगीतकार सी. रामचंद्रांचे, म्हणजे अण्णांचे, साहाय्यक झाले. आईला अण्णांची गाणी पाठ आहेत. तिचा पाय कॅथरिन रसेलच्या ठेक्यावर पहिल्या दिवशीच हलायला लागला, त्याचं एक कारण हेही असेल.

रविवार

आज 2024चा 'माय आयडियल' लावला. यात ड्रम्स नाहीत, बास नाही, गिटारही नाही. फक्त ती आणि शॉन मेसन हा वयाने तिच्याहून खूप लहान पियानोवादक. बुधवारी मी लयीचं एवढं लिहिलं, ते सगळं धरून ठेवणारी माणसंच इथून उठून गेली आहेत. मेसनचा डावा हात बासचं काम थोडंफार करतो, पण मधेच सोडूनही देतो, आणि तेव्हा ती एकटी असते. तरी लय डगमगत नाही. चारही मात्रा तिच्या व्यंजनांत ऐकू येतात, कुठला शब्द किती मागे टाकायचा त्यात ऐकू येतात.

आईला हे पहिल्या दोन्ही अल्बमांपेक्षा जास्त आवडलं. मला अजून 'हार्लेम ऑन माय माइंड'च. त्यावरून आमचा बराच वेळ वाद झाला, आणि पुढच्या आठवड्यात दोन्ही पुन्हा ओळीने ऐकायचे ठरलं आहे.